बाबा, तुमच्या रेल्वेपासूनच सुरुवात करते

शिकागो

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, नवीन घराचा पत्ता सांगितला तेव्हा तुम्ही म्हणालात, "तिकडे काळ्यांची वस्ती आहे म्हणे, जपून राहा." मी नुसतं हो म्हटलं आणि आईला लोणच्याचं विचारलं. तेव्हापासून ते मनात टोचतंय. तुमची काळजी खरी, पण तिचा उगम मारामारीच्या इंग्रजी सिनेमांत आणि सकाळच्या फॉरवर्डमध्ये आहे. माझ्या या शेजाऱ्यांनी स्वतःबद्दल काय लिहिलंय, काय गायलंय, ते आपण कधी वाचलं-ऐकलं? तुमच्या कपाटात 'गुलामगिरी' आहे. १८७३ साली जोतिरावांनी ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, हे तुम्हीच मला दाखवलं होतं. त्या सुटलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हे मात्र आपण दोघांनीही विचारलं नाही.

म्हणून इझाबेल विल्करसन यांचं 'द वॉर्मथ ऑफ अदर सन्स' पाठवते आहे. साधारण १९१५ ते १९७० या काळात साठेक लाख काळी माणसं अमेरिकेच्या दक्षिणेतला जाच सोडून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली. बाईंनी बाराशेहून जास्त लोकांशी बोलून त्यातल्या तिघांची आयुष्यं सांगितली आहेत. एक कापूस वेचणारी आयडा मे, ती इथे शिकागोत आली. एक डॉक्टर. तिसरा जॉर्ज स्टार्लिंग, तो तुमच्यासाठी. फ्लोरिडातून जीव वाचवून न्यूयॉर्कला पळाला आणि पुढे रेल्वेच्या डब्यातच नोकरीला लागला. ज्या गावातून पळाला त्याच बाजूला गाडीबरोबर जायचं, लोकांच्या बॅगा चढवायच्या, उतरवायच्या. भुसावळला ३८ वर्षं टीसी राहिलेल्या माणसाला हे मी काय समजावणार!

जॉर्जवरून आठवलं. इथे पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांत काळे पोर्टर असत. त्यांचं नाव काहीही असो, प्रवासी सगळ्यांना 'जॉर्ज'च म्हणत, कारण कंपनीचा मालक जॉर्ज पुलमन. गुलामाला मालकाच्या नावाने हाक मारायची जुनी खोड. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी युनियन काढली आणि कंपनीला करारावर सही करायला लावायला १९३७ उजाडलं. (तुमच्यासाठी जॉर्ज म्हणजे फर्नांडिस आणि ७४चा संप, मला माहीत आहे. ती गोष्ट परत सांगा, पण फोनवर नको, महाग पडते.) हेच पोर्टर 'शिकागो डिफेंडर' या काळ्यांच्या वर्तमानपत्राचे गठ्ठे गाडीतून दक्षिणेत पोचवायचे. उत्तरेत काम आहे, या, ही हाक त्या कागदातून गावोगाव गेली.

आई, तुला पुस्तक नको, माहीत आहे. तुझ्यासाठी ताईच्या टीव्हीवर नेटफ्लिक्स लावून घे. 'हाय ऑन द हॉग' नावाची मालिका आहे, पहिला भाग आफ्रिकेत, बेनिनमध्ये. आपली भेंडी बहुधा आफ्रिकेतलीच गं! गुलामांबरोबर ती अमेरिकेत गेली, आणि इथल्या 'गंबो' या रस्स्याचं नावही भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आलंय. तू ताक घालून जो बुळबुळीतपणा घालवतेस, त्याचसाठी ही माणसं भेंडी रस्शात टाकतात. मी एकदा केला, घशाखाली उतरेना. शेजारच्या काकूंनी केलेला मात्र वाटी चाटून खाल्ला.

आणि यूट्यूबवर 'व्हर्झुझ' शोधायला सांग. लॉकडाउनमध्ये दोन गायक आळीपाळीने आपापली गाणी लावायचे, लाखो लोक घरून ऐकायचे. सप्टेंबर २०२० मध्ये ग्लॅडिस नाइट आणि पॅटी लाबेल बसल्या होत्या. दोघी ७६ वर्षांच्या, मुकाबला म्हणायचा पण सगळा वेळ एकमेकींचं कौतुक. तू आणि कुसुममावशी गच्चीत पापड घालताना बसता तशा.

एक पुस्तक मात्र पाठवत नाही. टोनी मॉरिसन यांचं 'द ब्लूएस्ट आय', १९७० चं. निळे डोळे मिळावेत म्हणून देवाकडे मागणाऱ्या एका काळ्या मुलीची गोष्ट. फार कठोर आहे. वाचताना मला आपली मोरी आठवली, दर रविवारची साय-हळद, आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तुझा घासून घासून दमलेला हात. राग नाही गं. डिसेंबरमध्ये येईन तेव्हा शेजारी बसून मराठीत सांगेन, जेवढं सांगवेल तेवढं.

बाबा, पुस्तक सहाशे पानांच्या वर आहे आणि अक्षर बारीक आहे. चष्म्याचा नंबर काढून घ्या, मार्चपासून टाळताय. आणि शेजारच्या काकूंनी विचारलंय, टीसी दंडाची पावती कशी फाडायचे. कळवा.

तुमची,
मनू