पेशव्यांच्या दारातले सावकार

संपादक महोदय,

पेशवाईवर लिहिताना लढायांची वर्णने रंगतात, कर्जाचा विषय मात्र दोन ओळींत उरकला जातो. पहिल्या बाजीरावांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिले होते की, सावकारांच्या पाया पडून कपाळाची कातडी झिजली. गंमत म्हणजे स्वामी स्वतःही त्यांचे धनको होते! १७४० मध्ये बाजीराव गेले आणि देणे नानासाहेबांच्या गळ्यात पडले. बापाचे ऋण मुलाने फेडायचे, ही तेव्हाची रीतच. थोरल्या माधवरावांनी १७७२ मध्ये अखेरच्या आजारात करून ठेवलेल्या यादीतही कर्जफेडीचे कलम होते.

सामान्य कुळांचे काय? धनको दारात धरणे धरून उपाशी बसे आणि मग ऋणकोच्या घरातही घास उतरत नसे. या तगाद्यापुढे भलेभले नमत. प्रकरण पंचायतीत गेले की हप्ते बांधून दिले जात. दामदुपटीच्या नियमाने थकलेले व्याज मुदलापेक्षा जास्त मागता येत नसे, ही तरतूद मला आजच्या काही कर्ज-ॲपांपेक्षा बरी वाटते. शालेय पुस्तकांत पानिपताशेजारी या हिशेबांना निदान एक पान द्यावे.

– एक वाचक