भूकंप-विश्लेषणाची स्क्रिप्टही तपासा

महोदय,

बहुमजली इमारतीच्या सांगाड्याचं मॉडेल आता स्क्रिप्टमधून, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या आज्ञांमधून, बनतं. मजले, खांबांमधले गाळे, उंची एकदा दिली की लूप (त्याच आज्ञा पुन्हापुन्हा चालवणारा भाग) सगळे खांब-तुळया उभे करतो. मात्र एक चूकही तितक्याच वेगाने प्रत्येक मजल्यावर पोहोचते.

नोडचा (खांब-तुळयांच्या सांध्याचा) क्रमांक ‘मजला गुणिले १० अधिक खांब’ असा ठेवला, तर पहिल्या मजल्याचा अकरावा खांब आणि दुसऱ्याचा पहिला, दोघांनाही २१ मिळतो. १०० ने गुणावं. न्यूटन-मिलिमीटर-सेकंद ही एककं वापरली तर वस्तुमान टनांत लागतं. किलोग्रॅमचा आकडा घातला तर ते हजारपट होतं आणि आवर्तनकाळ (इमारतीच्या एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ) सुमारे ३२ पट लांबतो. म्हणून पहिला, म्हणजे सर्वांत मोठा, आवर्तनकाळ आधी बघावाच.

सर्वांत घातक चूक गुरुत्वभाराची, म्हणजे इमारतीच्या वजनाच्या भाराची. ओपनसीस या भूकंप-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा भार बहुधा विश्लेषणातल्या काळाबरोबर चढत्या क्रमाने लावतात. तो लावून झाल्यावर पायथ्याच्या उभ्या प्रतिक्रियांची (आधारांनी वर दिलेल्या बलांची) बेरीज एकूण भाराशी जुळवावी, भार स्थिर करावा आणि काळ शून्यावर आणावा. हे राहिलं, तर भूकंपाच्या नोंदीतल्या प्रत्येक सेकंदाला इमारतीचं वजन वाढत जातं, आणि कोसळण्याचं खापर भूकंपावर फुटतं!

विश्लेषणाच्या अहवालाला रंगीत आलेखांबरोबर स्क्रिप्ट आणि या तपासण्यांचे आकडेही जोडलेले असावेत, असा आग्रह परीक्षकांनी धरावा.

– एक संरचना अभियंता