आईला न विचारता तिचे व्हिडिओ गल्लीभर दाखवल्याबद्दल तक्रार

सोलापूर
दिनांक : २९ जानेवारी २०२६

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
घरगुती कॅमेरा विभाग

विषय : घरातल्या कॅमेऱ्याचे व्हिडिओ संमतीशिवाय परिसरातल्या ग्रुपवर टाकल्याबाबत

महोदय,

सप्टेंबर २०२५ मध्ये मी आपल्या कंपनीचा घरात लावायचा कॅमेरा घेतला. नवी पेठेतल्या दुकानातून, ३,४९९ रुपयांना, पक्क्या बिलावर. रेकॉर्डिंग साठवायचे दरमहा ९९ रुपये आजही माझ्या खात्यातून जातात. माझी आई ७९ वर्षांची आहे. बाळीवेशीजवळच्या जुन्या घरात ती एकटी राहते आणि ऑगस्टमध्ये मोरीत घसरून पडली होती. पाऊण तास तशीच पडून होती. मी शहराच्या जुळे सोलापूर भागात राहते, शाळेत विज्ञान शिकवते. मधल्या सुट्टीत फोनवर ती एकदा हिंडताफिरताना दिसली की जिवाला बरं वाटायचं. तीन-साडेतीन महिने कॅमेऱ्याने हे काम चोख केलं, तेही इथे नोंदवते.

३ जानेवारीला ॲप अपडेट झालं आणि त्यात आपोआप एक ग्रुप सुरू झाला. आमच्या भागात ज्यांच्याकडे आपला कॅमेरा किंवा नुसतं ॲप आहे, अशा दोनशेच्या वर लोकांचा. त्याची सूचना मला आली होती, इंग्रजीत, आणि खाली पुढे जाण्याचं एकच बटण. शाळेची बस सुटायची घाई होती, मी ते दाबलं. त्या एका दाबण्याचा अर्थ आपण असा लावलात की कॅमेऱ्याला जी हालचाल ‘सस्पिशस’, म्हणजे संशयास्पद वाटेल, तिचा व्हिडिओ मला न विचारता त्या सगळ्यांना जाणार. हे मला कळलं १४ जानेवारीला, आणि तेही शेजारच्या सुनेकडून.

आता त्या व्हिडिओंमध्ये काय आहे ते सांगते, कारण आपल्या माणसांनी फोनवर त्याला दोनदा ‘छोटी क्लिप’ म्हटलं.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं आणि वेळ ठरलेली नसते. ९ जानेवारीला पहाटे पाचच्या आत पाणी आलं. आई अंधारातच उठली, दिवा लावला नाही. सत्तर वर्षांच्या सवयीने तिला घरातला प्रत्येक कोपरा हाताने ठाऊक आहे. अंगावर जुनं, मऊ झालेलं काळपट हिरवं इरकल लुगडं, पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले. तांब्याचा हंडा नळाखाली सरकवला आणि मान वळवून कॅमेऱ्याच्या दिशेने बघितलं. अठरा सेकंदांचा व्हिडिओ आहे. त्यात तिचं लुगडं पांढरंफेक दिसतं आणि डोळे चमकतात. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, ‘भूत.’ त्याखाली हसण्याची चिन्हं, मग आणखी हसणं. मग एकाने भिंतीवरचं कॅलेंडर आणि हंडा ओळखला आणि घर कोणाचं ते लिहून टाकलं.

असं का दिसलं, हे मी आठवीच्या मुलांना शिकवते, म्हणून आपल्यालाही सांगते. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं तर बऱ्याच फोनवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. तो अवरक्त प्रकाश. अंधारात बघणारे बहुतेक घरगुती कॅमेरे असाच प्रकाश टाकतात, साधारण ८५० नॅनोमीटरचा, आणि आपली नजर ७०० च्या आसपासच थकते. कापडाचे कितीतरी गडद रंग हा प्रकाश शोषत नाहीत, उलटा फेकतात. म्हणून काळपट हिरवं लुगडं पांढरं दिसतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून तोच प्रकाश परत येतो, म्हणून डोळ्यांच्या बाहुल्या चमकतात. आमचं गाव चादरीचं, रंगाऱ्यांचं आणि विणकरांचं. रंग दिसतो तसा असतोच असं नाही, हे इथल्या कुठल्याही हातमागवाल्याला समजतं. आपल्या इंजिनिअरांना तर ते माझ्याहून चांगलं माहीत असणार. तरीही या चित्रावर ‘संशयास्पद’ असा शिक्का मारून ते दोनशे लोकांपुढे टाकावं, असं आपल्याकडे कोणीतरी ठरवलं. यंत्राला संशय येत नाही. त्याला फक्त एवढंच कळतं की आधीच्या चित्रात आणि आताच्या चित्रात काही ठिपके बदलले. संशय हा शब्द आपल्या ऑफिसात बसलेल्या माणसाने लिहिलेला आहे, आणि माझी तक्रार त्या माणसाच्या निर्णयाबद्दल आहे.

दुसरा व्हिडिओ १२ तारखेचा. आईकडे गल्लीतल्या एक मावशी येतात. विडी वळून पोट भरणाऱ्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या, वीस वर्षांपासून आमच्या घरच्याच झालेल्या. आई पडली तेव्हा पहिली हाक त्यांनीच ऐकली होती. पाणी आलं की त्या बोळातल्या दाराने आत येतात आणि जड हंडे उचलून ठेवतात. डोक्यावरून पदर, हातात घागर, चेहरा अर्धा वळलेला. आपल्या ॲपने त्यावर ‘अनोळखी व्यक्ती’ लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं. खाली सदतीस मेसेज आले. ‘पहाटे मागच्या दाराने कोण शिरतंय?’, ‘म्हातारी एकटी असते, लक्ष ठेवा’, ‘पोलिसांना कळवा’. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पोरांनी मावशींना बोळात अडवून पिशवी उघडून दाखवायला लावली. पिशवीत तेंदूची पानं होती आणि तंबाखू.

त्या दिवशी भोगी होती. तिळाची बाजरीची भाकरी द्यायला आईने बोलावलं, त्या आल्या नाहीत. मी संध्याकाळी त्यांच्या दारात गेले तर म्हणाल्या, “ताई, मी चोर हाय का? तुम्हीच तो डोळा लावला ना घरात?” मला उत्तर देता आलं नाही. तेव्हा मला ग्रुपबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी कळलं. पण त्यांचं म्हणणं खरं होतं. डोळा मीच लावला होता.

ग्रुपवर लिहिणारी माणसं वाईट नाहीत, हेही मला सांगायचं आहे. ऑगस्टमध्ये रिक्षा आणणारे तेच, आईला उचलून रिक्षात बसवणारे तेच. बोळात समोरासमोर भेटले असते तर त्यांनी मावशींना ‘काय, आलं का पाणी?’ एवढंच विचारलं असतं. पण आपण त्यांच्या हातात आधी ‘संशयास्पद’ हा शब्द दिलात आणि माणूस नंतर दाखवलात, तोही अठरा सेकंदांचा, काळापांढरा, नावगाव नसलेला. आधी शिक्का आणि मग चेहरा अशा क्रमाने दाखवलं की चांगली माणसंही तसंच बोलतात. आता त्यातले तिघे आईची माफी मागून गेले. आपल्याकडून अजून कोणी आलेलं नाही.

१४ जानेवारीला सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याला मी आईला घेऊन गेले होते. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत सोलापूरकर काय करतात ते आपल्याला माहीत नसेल. सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्याशी नंदीध्वज येतात, लाखो माणसं पांढऱ्या बाराबंदीत आणि ठेवणीतल्या कपड्यांत उभी असतात, आधी संमतीचं वाचन होतं आणि मगच अक्षता पडतात. संमती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि अक्षतेच्या आधी. लहानपणापासून हा शब्द मी त्या कट्ट्यापाशीच शिकले. त्याच गर्दीत शेजारच्या सुनेने आईला सांगितलं, “आजी, तुमचा व्हिडिओ बघितला मी.” आईने माझ्याकडे बघितलं. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मग विचारलं, “कोन कोन बघितलं गं मला?” आणि थोड्या वेळाने, “आता घरात बी पदर सावरून बसायचं का?”

दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर चढली आणि कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. पडलेली बाई, गुडघ्यात दुखणं असलेली, ज्या पडण्याच्या भीतीने मी हा कॅमेरा घेतला तीच माझी आई तो झाकायला स्टुलावर चढली. हे मला आपल्याला कसं लिहावं ते अजून नीट सुचत नाही.

आपल्या चॅटवर मी त्याच रात्री तक्रार टाकली. उत्तर आलं की मी अटी मान्य केल्या आहेत. १७ तारखेला ईमेल केला, त्याला फक्त नंबर मिळाला. २२ ला फोनवर बोलले. आपल्या प्रतिनिधीने सांगितलं की सेटिंगमध्ये जाऊन ग्रुप बंद करता येतो. करता येतो, मी केला. पाच पडदे उघडल्यावर, अगदी तळाशी तो पर्याय होता. चालू व्हायला एक बटण, बंद व्हायला पाच पडदे. आणि अटी एकतीस पानांच्या, सगळ्या इंग्रजीत. आईला इंग्रजी येत नाही, मावशींना मराठीही वाचता येत नाही. त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. आपण विचारलंत फक्त मला, कारण पैसे मी भरले. पण कॅमेऱ्यासमोर वावरतात त्या दोघी.

विकत घेतला त्याच दिवशी मी कॅमेऱ्याचा कारखान्याचा पासवर्ड बदलला होता. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्याचेच पासवर्ड राहिलेले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते आणि त्यांच्या जोरावर त्या ऑक्टोबरमध्ये मोठमोठ्या वेबसाइट बंद पडल्या होत्या, हे मला माहीत होतं. म्हणून बाहेरच्या चोराला कडी घातली. कंपनीच आतून दार उघडून देईल, हे मनातही आलं नव्हतं.

कायद्याचंही थोडं लिहिते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या बऱ्याचशा तरतुदी लागू व्हायला अठरा महिने दिले आहेत, हे मला ठाऊक आहे. ‘अजून लागू नाही’ असं आपण लिहाल म्हणून आधीच सांगते. त्या कायद्यात संमती मोकळेपणाने, ठरावीक कामापुरती आणि समजून दिलेली असावी लागते, ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं लागतं, आणि सूचना आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. मराठी त्यात आहे, तेलुगूही आहे. हे करायला आपल्याला २०२७ ची वाट बघायची गरज नाही. आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ तर आजच लागू आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराशिवाय दुसऱ्याला उघड करणं ही त्यात अनुचित व्यापार प्रथा आहे.

माझं मागणं असं. दोन्ही व्हिडिओ ग्रुपवरून आणि आपल्या सर्व्हरवरून कायमचे काढावेत आणि काढल्याचं लेखी कळवावं. ते किती जणांनी पाहिले, किती जणांनी उतरवून घेतले आणि आपल्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाला ते दिसू शकत होते, हे मला कळलं पाहिजे. ग्रुप सगळ्यांसाठीच मुळात बंद असावा. ज्याला हवा त्याने स्वतः चालू करावा, आणि घराच्या आतलं चित्रण तर त्यात जाताच कामा नये. माणसावर ‘संशयास्पद’ असं लिहिणं थांबवा. ‘हालचाल दिसली’ एवढं पुरे, तेवढंच यंत्राला खरोखर कळतं. कॅमेऱ्याचे पैसे आणि जानेवारीचे ९९ रुपये परत करावेत.

शेवटची मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याने दोन माफीची पत्रं लिहावीत. एक आईला मराठीत, एक मावशींना तेलुगूत. मावशींचं पत्र मी त्यांच्या नातवाकडून बोळात, सगळ्यांसमोर वाचून घेईन, कारण त्यांची पिशवीही बोळातच उघडली गेली. त्यात त्यांचं नाव आणि त्या चोर नव्हत्या असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यासाठी मला आपल्या शहरात यावं लागणार नाही. बिल, अपडेटच्या सूचनेचा फोटो, ग्रुपवरचे मेसेज आणि आपल्या चॅटची उत्तरं यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दोन्ही व्हिडिओ जोडलेले नाहीत. ते आणखी कोणी बघावेत अशी माझी इच्छा नाही.

टॉवेल अजून कॅमेऱ्यावरच आहे. मधल्या सुट्टीत मी आता आईला फोन करते.

आपली,
एक ग्राहक
जुळे सोलापूर, सोलापूर