व्हिडिओवर काय चालेल, काय नाही: वंध्यत्व उपचारांबाबत आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,

वंध्यत्वाच्या उपचारातल्या बऱ्याच भेटी निव्वळ बोलण्याच्या असतात. त्यासाठी जोडप्याने रजा काढून दवाखान्यात ताटकळायचे कारण नाही. मात्र व्हिडिओ सल्ल्याचे नियम करताना या उपचारांची हद्द वेगळी आखून द्यावी, ही विनंती.

रिपोर्ट कॉलच्या आधी डॉक्टरांकडे पोहोचलेले असणे सक्तीचे करा. कॅमेऱ्यासमोर धरलेल्या कागदावर एएमएचचा (अंडाशयातल्या बीजांचा साठा दाखवणाऱ्या संप्रेरकाचा) आकडा दिसतो, एकक दिसत नाही. आणि नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमधला १ म्हणजे पिकोमोल प्रति लिटरमधले ७.१४. गल्लत झाली तर अंडाशयाचा साठा सातपट वाटतो. एफएसएच (बीजांची वाढ घडवणाऱ्या संप्रेरकाचा) रिपोर्ट पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा आहे का, वीर्यतपासणीआधी २ ते ७ दिवस संयम पाळला होता का, एवढे विचारायला व्हिडिओ पुरतो. फॉलिकल (अंडाशयातल्या बीजांच्या पिशव्या) मोजायला योनीमार्गे सोनोग्राफीच लागते आणि व्हेरिकोसील (वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा) हाताने तपासावे लागते. तिथे पळवाट नको.

इंजेक्शन शिकवायला मात्र व्हिडिओ दवाखान्यापेक्षा सरस, कारण बाई स्वतःचे इंजेक्शनचे पेन स्वतःच्या घरी हाताळत असते. बटण पूर्ण दाबल्यावर डोसच्या खिडकीत शून्य आले का, हे नर्सला तिथल्या तिथे दिसते. शून्य नसेल तर डोस अर्धवट गेला. ट्रिगर म्हणजे बीजे काढण्याआधी ती पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन. ते पावडरचे असेल आणि नीट मिसळले नाही, तर पावडर कुपीतच राहते आणि नुसते पाणी टोचले जाते. ही चूक बीजे काढायच्या दिवशी उघडी पडते, आणि तोवर उपचारांची पूर्ण सायकल वाया गेलेली असते.

ट्रिगरनंतर साधारण ३४ ते ३६ तासांनी बीजे काढतात. सोमवारी रात्री १० वाजता इंजेक्शन, तर बुधवारी सकाळी ८ ते १०. म्हणून त्या रात्री कॉल तुटला तर प्रत्यक्ष माणूस उचलेल असा फोन नंबर प्रत्येक केंद्राकडे असायलाच हवा. चॅटचे आपोआप येणारे उत्तर इथे कुचकामी.

सगळ्यात दुर्लक्षित बाब खासगीपणाची. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर कोण बसले आहे, हे डॉक्टरांना कळत नाही. आधीचा गर्भपात, लैंगिक अडचण किंवा मारहाण यांबद्दल जोडीदारासमोर कुणी बोलत नाही. दोघांशी स्वतंत्र बोलणे बंधनकारक करा. सुरुवातीला 'खोलीत एकट्या आहात ना?' असा हो-नाहीने उत्तर देता येईल असा प्रश्न हवा. उत्तर 'नाही' आले तर नाजूक विषय दुसऱ्या वेळेसाठी ठेवावा. दात्याचे बीज किंवा भ्रूण गोठवण्याची संमती एकाच कॉलमध्ये घेऊ नये. वाचायला वेळ द्यावा आणि सही दोघांची वेगवेगळी घ्यावी.

काही लक्षणांवर व्हिडिओ सल्ला थांबलाच पाहिजे, हेही नियमात लिहा. बीजे काढल्यानंतर पोट फुगून दिवसात १ किलोहून अधिक वजन वाढणे, लघवी कमी होणे, दम लागणे. किंवा चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर एका बाजूला पोटात कळ आणि रक्तस्राव. अशा रुग्णाला त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासायला हवे, मग वेळ रात्रीची असो वा सुट्टीची.

आपले,
वंध्यत्व उपचारांत काम करणारे डॉक्टर, नर्स आणि समुपदेशक