माहिती तुमच्याकडून फुटते, भरपाई आमच्या खात्यातून होते

प्रति,
मा. श्री. अश्विनी वैष्णव,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या शहापूर भागातल्या एका लहान पतसंस्थेत मी हिशेबाचे काम करतो. आमचे सभासद म्हणजे वडगाव-खासबागचे यंत्रमाग कामगार, भाजी विकणाऱ्या बायका, येळ्ळूर-खानापूरकडचे शेतकरी. रोजची पिग्मी, म्हणजे रोज थोडी थोडी बचत, भरणारी माणसे. फोनवर पैशाचा काहीही मेसेज आला, की तो बँकेचा असो, विम्याचा असो वा गॅस एजन्सीचा, ही मंडळी फोन घेऊन आमच्या काउंटरवर येतात, कारण मराठीत समजावून सांगणारे दुसरे कुणी त्यांना सापडत नाही. एखाद्या कंपनीचा डेटा चोरीला गेल्याची बातमी वर्तमानपत्रात दोन दिवस येते आणि विरते. तिचे परिणाम मात्र पुढे कित्येक महिने आमच्या काउंटरवर येत राहतात. म्हणून आपल्या खात्याच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ विषयी हे पत्र लिहीत आहे.

आधी एक प्रकरण सांगतो. वडगावच्या एका मावशींच्या नावावर मुलाच्या दुचाकीचे कर्ज आहे. त्यांना दुपारी फोन आला, चांगल्या मराठीत. समोरच्याने त्यांचे नाव सांगितले, गाडीचा नंबर सांगितला, हप्त्याची तारीख आणि किती हप्ते उरलेत तेही सांगितले. सगळे बरोबर. मग म्हणाला, "मावशी, गेल्या महिन्याचा हप्ता सिस्टीमला पडलेला नाही, उद्या माणसं गाडी ओढून नेतील. मी पावतीची फाइल पाठवतो, ती उघडा म्हणजे मी इथून दुरुस्त करतो." फाइल उघडली आणि फोनमध्ये एक ॲप बसले, जे येणारे प्रत्येक मेसेज परस्पर वाचत होते. संध्याकाळपर्यंत बचत खाते रिकामे.

मावशी दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांनी मला तो पहिला मेसेज दाखवला. कर्ज खात्याचे शेवटचे चार आकडे त्यात होते आणि ते पासबुकाशी तंतोतंत जुळत होते. बँकेत गेलो, तर उत्तर मिळाले, "फाइल तुम्हीच उघडलीत." फायनान्स कंपनीच्या शाखेत गेलो, तर ते म्हणाले, "आमच्याकडून काही गेलेलं नाही, हेड ऑफिसला ईमेल करा." ईमेलचे उत्तर इंग्रजीत आले. ग्राहकांच्या माहितीची सुरक्षितता आम्ही अत्यंत गांभीर्याने घेतो, एवढेच त्यात होते. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर गुन्हे पाहणाऱ्या सीईएन पोलीस ठाण्यातही गेलो. तिथल्या हवालदाराने शांतपणे सगळे ऐकून लिहून घेतले, हे मुद्दाम नमूद करतो. पण मावशींचा प्रश्न एकच होता आणि तो त्यांनी प्रत्येक टेबलावर विचारला. "माझ्या हप्त्याची तारीख त्याला सांगितली कुणी?"

महोदय, आज या देशात या प्रश्नाचे उत्तर देण्याचे बंधन कुणावरही नाही. आणि उत्तर कुणी दिले नाही, तर दोष आपोआप मावशींच्या पदरात पडतो.

मोठ्या कंपन्यांचे वागणेही असेच असते, हे जाहीर नोंदींवरून कुणालाही दिसेल. एअर इंडियाच्या प्रवाशांची माहिती सांभाळणाऱ्या सिटा या कंपनीवर हल्ला झाल्याचे विमान कंपनीला फेब्रुवारी २०२१ मध्ये कळले. सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती, पासपोर्ट आणि क्रेडिट कार्डांच्या तपशिलासह, गेल्याचे जनतेला मे महिन्यात समजले. त्याच वर्षी मार्चमध्ये मोबिक्विक या मोबाइल पेमेंट कंपनीचा डेटा विक्रीला असल्याचे एका सुरक्षा संशोधकाने दाखवले, तेव्हा कंपनीने इन्कार केला आणि त्याच्यावरच कायदेशीर कारवाईची भाषा केली. २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांचे वैद्यकीय कागद टेलिग्रामवर मिळू लागले. कंपनीचे पहिले निवेदन होते की प्राथमिक तपासणीत व्यापक गळती आढळलेली नाही आणि संवेदनशील माहिती सुरक्षित आहे. पुढे हल्ला झाल्याचे कंपनीनेच मान्य केले, आणि खंडणीचा ईमेल ऑगस्टमध्येच आला होता हेही बाहेर आले. हल्लेखोराचा दावा ३ कोटींहून अधिक ग्राहकांच्या माहितीचा होता.

सरकारही याला अपवाद ठरले नाही, आणि हे आपल्याला लिहिताना मला संकोच वाटत नाही. जून २०२३ मध्ये कोविड लसीकरणाच्या कोविन नोंदणीतली माहिती टेलिग्रामवरच्या बॉटमधून, म्हणजे आपोआप उत्तरे देणाऱ्या प्रोग्राममधून, मिळत असल्याच्या बातम्या आल्या. आरोग्य मंत्रालयाने त्या निराधार आणि खोडसाळ ठरवल्या. काही दिवसांतच दिल्ली पोलिसांनी त्याच प्रकरणात अटक केली.

ही निवेदने वाचून वाचून माझे एक मत झाले आहे. "गैरवापर झाल्याचा पुरावा आढळला नाही" असे कंपनी लिहिते, तेव्हा तो पुरावा शोधला कुणी, कुठे आणि किती दिवस, हे ती लिहीत नाही. गैरवापर कंपनीच्या सर्व्हरवर होतच नाही. तो वडगावातल्या एका घरात, दुपारी, फोनवर होतो. तिथे कंपनीचा तपासनीस येत नाही. आणि आमच्याकडची वर्तमानपत्रे ते निवेदन जसेच्या तसे छापतात, म्हणजे बातमीचा शेवटचा शब्द कंपनीचाच राहतो.

आता कायद्याविषयी. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार सायबर हल्ल्याची खबर सहा तासांत द्यावी लागते. चांगले आहे, पण ती खबर सर्ट-इनला द्यायची, ज्याची माहिती गेली त्याला नव्हे. २०२३ च्या कायद्याने ही उणीव भरून काढली, आणि त्याबद्दल मी आपले मनापासून आभार मानतो. १३ नोव्हेंबर २०२५ च्या नियमांतला नियम ७ सांगतो की प्रत्येक बाधित व्यक्तीला विनाविलंब, सोप्या शब्दांत कळवावे लागेल. काय गेले, केव्हा गेले, काय होऊ शकते, तिने काय करावे. मावशींना हवे होते ते हेच.

पण हा नियम लागू व्हायला अठरा महिने ठेवले आहेत. म्हणजे मे २०२७. त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल मात्र नोव्हेंबर २०२५ मध्येच लागू झाला. वैयक्तिक माहितीचे कारण दाखवून नागरिकाला नकार देणे अधिकाऱ्याला त्या दिवसापासून सोपे झाले, आणि नागरिकाची स्वतःची माहिती फुटली तर ती त्याला कळण्यासाठी दीड वर्ष थांबायचे. त्याच महिन्यात दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी हे फोन-फसवणुकीच्या तक्रारीचे सरकारी ॲप टाकण्यासाठी फोन कंपन्यांना ९० दिवस दिले होते. तो आदेश पुढे मागे घेतला गेला, आणि ते खाते आपले नाही, हे मला माहीत आहे. पण घाई करायची ठरवली तर सरकार करू शकते, हे त्यातून दिसले.

दुसरी गोष्ट भाषेची. संमती घेताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय आपल्या कायद्याने दिला आहे. मराठी त्या परिशिष्टात पहिल्यापासून आहे. सीमाभागात हा शब्द किती मोलाचा आहे, हे दिल्लीत बसून कदाचित जाणवणार नाही. कन्नड आमच्या शेजाऱ्यांची भाषा, बाजारात आणि कचेरीत आम्हीही ती बोलतो, तिच्याशी आमचे भांडण नाही. पण साठी उलटलेल्या आमच्या सभासदांना वाचता येते ते मराठीच. कंपन्या बेळगावचा पिनकोड पाहून कन्नड किंवा इंग्रजी ठरवतात. फसवणारा मात्र मावशींशी मराठीतच बोलला. त्याला त्यांची भाषा कळली, कंपनीला कळली नाही. आणि नियम ७ मध्ये, जिथे माणूस खऱ्या संकटात असतो, तिथे भाषेचा उल्लेखच नाही. माहिती घेताना मराठीचा हक्क आहे, ती फुटल्यावर नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्यावर फारशी चर्चा झालेली मला दिसली नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले कलम ४३अ सांगते की कंपनीने निष्काळजीपणाने संवेदनशील माहिती फुटू दिली आणि त्यातून कुणाचे नुकसान झाले, तर कंपनीने त्या माणसाला भरपाई द्यावी. त्यासाठी बेंगळुरूला राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे अर्ज करावा लागतो. इथून ते पाचशे किलोमीटर. तरीही दार होते. नवा कायदा हे कलम काढून टाकतो. त्याऐवजी सुरक्षा न राखल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत आणि गळती न कळवल्याबद्दल २०० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. आकडे मोठे आहेत. पण कलम ३४ नुसार दंडाचा प्रत्येक रुपया भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत, जमा होणार. ज्या बाईचे खाते रिकामे झाले, तिच्या वाट्याला त्यातले काहीच नाही.

आमच्या पतसंस्थेचे उदाहरण देतो. पिग्मी एजंटाने जमा केलेली रक्कम भरलीच नाही, तर संस्था सभासदाला ती भरून देते आणि मग एजंटाच्या मागे लागते. "एजंटाकडे पैसे देताना तुम्ही सावध राहायला हवं होतं," असे आम्ही सभासदाला म्हणू लागलो, तर दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप लागेल. एजंट आम्ही नेमला, म्हणून जोखीम आमची. लाखो ग्राहकांची माहिती गोळा करणाऱ्या, ती तिसऱ्या-चौथ्या कंत्राटदाराला देणाऱ्या कंपनीला हाच हिशेब का लागू नये? रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात बँकांसाठी हे तत्त्व मान्य केले आहे. चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसरीकडची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर बोजा नाही. पण ग्राहकाने फाइल उघडली किंवा ओटीपी सांगितला, की सगळे त्याच्याच माथी. फसवणाऱ्याला त्याच्याविषयी इतके कसे ठाऊक होते, हा प्रश्न त्या हिशेबात येतच नाही.

कंत्राटदारांची साखळी किती लांब असते, ते आम्हा सहकारी संस्थांना ३१ जुलै २०२४ रोजी कळले. सी-एज टेक्नॉलॉजीज या एका बँकांना संगणक यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे यंत्रणा बंद पाडून खंडणी मागणारा, हल्ला झाला आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे पैशाचे व्यवहार अडकले, कारण देशातले डिजिटल व्यवहार चालवणाऱ्या एनपीसीआयला ती यंत्रणा तोडून बाजूला ठेवावी लागली. ग्राहकाने कधी नावही न ऐकलेली कंपनी, आणि त्याचे एटीएम बंद.

आणि काही माहिती अशी असते की ती गेली तर बदलता येत नाही. २०२३ मध्ये कर्नाटकातच उघड झाले की जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांच्या प्रती मिळवून त्यांवरचे आधार क्रमांक आणि अंगठ्याचे ठसे वापरून लोकांच्या खात्यातून पैसे काढले जात होते. आधार-आधारित व्यवहाराला ओटीपी लागत नाही, बोट पुरते. मंगळुरूच्या तक्रारींनंतर राज्य सरकारने दस्तांवरचे तपशील झाकायला सुरुवात केली. पण इथे खानापुरात, हुक्केरीत, निपाणीत ज्याने ज्याने वाटणीपत्र किंवा खरेदीखत केले आहे, त्याचा अंगठा आधीच कागदावर उमटलेला आहे. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कसा बदलणार? त्यांतल्या किती जणांना कुणी कळवले, की बाबांनो, आधारचे बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे ठशाने व्यवहार होणार नाही? आमच्या सभासदांपैकी एकालाही असे पत्र आलेले मी पाहिले नाही.

"रुको, सोचो, एक्शन लो" हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले, आणि ते योग्यच आहे. आम्हीही काउंटरवर तेच सांगतो. पण सावधगिरीचा सारा भार शेवटच्या माणसावर टाकून चालत नाही. मार्च २०२५ मध्ये खानापूर तालुक्यात डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे तोतया अधिकाऱ्याने फोनवरून दिलेल्या अटकेच्या, धमक्यांनी पिळल्या गेलेल्या एका वृद्ध दांपत्याने आयुष्य संपवले. सारा तालुका हादरला. ती माणसे बेसावध होती, असे म्हणणाऱ्याला मी एवढेच विचारतो, की आपले नाव, नंबर आणि खाती माहीत असलेला "अधिकारी" दिवसेंदिवस धमकावत राहिला, तर तुम्ही किती दिवस टिकाल?

माझ्या मागण्या आपल्या अखत्यारीतल्याच आहेत. नियम ७ साठी मे २०२७ ची वाट पाहू नये. निदान बँका, फायनान्स कंपन्या, विमा आणि रुग्णालये यांना तो आधी लागू करावा. त्याच नियमात एक ओळ वाढवावी, की गळतीची सूचना ग्राहकाने निवडलेल्या आठव्या परिशिष्टातल्या भाषेतच जाईल, आणि स्मार्टफोन नसलेल्याला साध्या पत्राने जाईल. गळती दाखवून देणाऱ्या प्रामाणिक संशोधकाला कंपनीच्या नोटिसांपासून संरक्षण मिळावे, नाहीतर पुढच्या वेळी कुणी तोंड उघडणार नाही. आणि कलम ४३अ रद्द होण्यापूर्वी, नव्या कायद्याने दंड ठरवण्यासाठी नेमलेल्या डेटा संरक्षण मंडळाला बाधित व्यक्तीस भरपाई देण्याचा अधिकार देणारी दुरुस्ती संसदेत आणावी. दंडाची रक्कम संचित निधीत जायचीच असेल, तर जावी, पण नुकसान झालेल्याचा हिस्सा आधी बाजूला काढून.

मावशींची तक्रार अजून प्रलंबित आहे. फायनान्स कंपनीचा हप्ता त्या दर महिन्याला वेळेवर भरत आहेत.

कळावे,

आपला,
एक पतसंस्था कर्मचारी
शहापूर, बेळगाव