ग्रीकचे काळ मराठीतूनच सोपे पडतात

संपादकसाहेब, नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र होतं की बोटीवर जाणाऱ्या पोरांना ग्रीक-बीक शिकायचं तर आधी इंग्लिश पक्कं करा. अहो कशाला? जगातल्या सगळ्यात मोठ्या व्यापारी जहाजांच्या ताफ्यांपैकी एक ग्रीक मालकांचा, आपल्या रत्नागिरी-मालवणकडच्या पोरांना तिथे काम मिळू शकतं, थोडं ग्रीक आलेलं बरंच. पण इंग्लिशमधून शिकायला बसलं की क्रियापदाच्या काळापाशी गाडी अडते.

ग्राफो म्हणजे मी लिहितो. त्याची भूतकाळात एग्राफा आणि एग्राप्सा अशी दोन रूपं. इंग्लिशवाला बऱ्याचदा दोन्हीकडे 'आय रोट' म्हणून मोकळा होतो आणि पोरगं बसतं डोकं खाजवत. आपल्याकडे 'रोज लिहायचो' आणि 'काल लिहिलं' यातला फरक शेंबड्या पोरालाही कळतो. लिहायचो, लिहीत होतो हे सगळं एग्राफा, लिहून झालं ते एग्राप्सा. बरं, हेच ते भविष्यातही करतात, था ग्राफो म्हणजे लिहीत जाईन आणि था ग्राप्सो म्हणजे एकदाच लिहीन, आज्ञेतसुद्धा ग्राफे म्हणजे लिहीत राहा, ग्राप्से म्हणजे लिहून टाक. कधी केलं याच्याइतकंच काम चालू होतं का उरकलं हे त्यांना महत्त्वाचं.

सुरुवातीचा तो 'ए' संस्कृतवाल्यांना ओळखीचा वाटेल, गच्छतिचं अगच्छत् होतं त्यातला 'अ' तोच. आताच्या ग्रीकमध्ये मात्र तो बहुतेक त्याच्यावर आघात म्हणजे उच्चाराचा जोर पडेल तिथेच टिकलाय, दियावाझो म्हणजे वाचतो, त्याचं नुसतं दियावासा.

एका ठिकाणी मराठी गोत्यात आणते हेही सांगतो. आपण पत्र लिहिलं, चिठ्ठी लिहिली असं कर्माप्रमाणे बदलतो, ग्रीकमध्ये क्रियापद कर्त्याचंच ऐकतं, मी एग्राप्सा, तू एग्राप्सेस, तो एग्राप्से, मग पत्र असो की चिठ्ठी.

आणि एफ्तासा! अर्थ 'पोचलो', पण हाक मारली की जागचं न हलताही ग्रीक माणूस एफ्तासा म्हणतो. आपण नाही का माजघरातूनच 'आलो आलो' ओरडत, मालवणीत 'इलंय इलंय'. हे इंग्लिशमधून शिकवून दाखवा.

सुट्टीवर आलेलं कोणी ग्रीक बोलणारं असेल तर माझे उच्चार तपासून तुमच्याकडे जरूर लिहा, देवनागरीत काही आवाज नीट बसत नाहीत.

– एक वाचक, वेंगुर्ला