वीस हजार डॉलर पाठवले, पंचवीस कमी का पोहोचले?

मा. संपादक यांस,

परदेशी विद्यापीठांच्या फीचे दिवस आले की ‘मधल्या बँकेने पैसे कापले’, ‘स्विफ्ट झाले पण पैसे पोहोचले नाहीत’ अशी पत्रे आपल्या सदरात येऊ लागतात. बहुतेक तक्रारी खऱ्या असतात, पण रोख चुकतो. गडबडीचे मूळ बहुधा इथल्या शाखेत भरलेल्या अर्जातच असते.

स्विफ्टने पैसे जात नाहीत. ही बेल्जियममधली, बँकांनी 1973 साली मिळून उभी केलेली सहकारी संस्था. ती फक्त संदेश पोहोचवते. तिच्यावर बेल्जियमची मध्यवर्ती बँक इतर मोठ्या देशांच्या मध्यवर्ती बँकांसह देखरेख ठेवते. पैसे हलतात ते खात्यांत. आपल्या बँकेचे न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेत डॉलरचे खाते असते, त्याला नोस्ट्रो म्हणतात. तुमच्या खात्यातून इथे रुपये वजा होतात, न्यूयॉर्कच्या त्या खात्यातून डॉलर वजा होतात आणि पुढे विद्यापीठाच्या बँकेकडे जातात. दोन बँकांचा थेट व्यवहार नसेल तर मध्ये आणखी एक बँक येते आणि ती आपले शुल्क कापून घेते.

ते शुल्क कोणी सोसायचे, हे अर्जातला एक रकाना ठरवतो. ‘अवर’ (OUR) म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, ‘शा’ (SHA) म्हणजे इथला आपला आणि पुढचा घेणाऱ्याचा, ‘बेन’ (BEN) म्हणजे सगळाच घेणाऱ्याचा. रकाना रिकामा सोडला की अनेकदा ‘शा’ लागते. मग 20,000 डॉलरचे 19,975 पोहोचतात, विद्यापीठाच्या संगणकावर 25 डॉलर थकबाकी दिसते आणि तेवढ्यावरून नोंदणी रोखली जाते. फी भरताना ‘अवर’च निवडावे. त्यासाठी इथे वेगळी रक्कम मोजावी लागते, पण ती आधी कळते.

खरा पैसा मात्र दुसरीकडेच जातो. हजारभर रुपयांच्या कमिशनवर काउंटरपाशी वाद घालणारे पालक विनिमय दराबद्दल चकार शब्द काढत नाहीत! परदेशी पाठवायचे चलन बँक ज्या दराने आपल्याला विकते तो टीटी सेलिंग दर; बाजारातला दर वेगळा असतो आणि मधला फरक बँकेचा. डॉलरमागे एक रुपया जास्त लागला तर 20,000 डॉलरवर 20,000 रुपये गेले. सकाळी फलकावर लागलेला कार्ड रेट मोठ्या रकमेला मुकाट्याने स्वीकारायचा नसतो. शाखेला डीलिंग रूममधून, म्हणजे बँकेच्या चलन खरेदी-विक्रीच्या मुख्य कक्षातून, त्या क्षणाचा दर मागवायला सांगता येते. क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा एफएक्स-रिटेल हा चलन खरेदीचा ऑनलाइन मंच 2019 पासून आहे. तिथे बाजाराचा दर मिळतो आणि बँकेचे शुल्क आधीच ठरलेले असते. शाखेतले कर्मचारी त्याचे नाव आपणहून काढत नाहीत, यामागे अज्ञान किती आणि सोय किती, हे वाचकांनीच ठरवावे. चलन बदलण्यावरचा जीएसटी पूर्ण रकमेवर लागत नाही. 18 लाख रुपयांच्या चलनावर करपात्र मूल्य 6,300 रुपये धरले जाते आणि त्याच्या 18 टक्के, म्हणजे 1,134 रुपये, कर होतो. पावतीवर याहून मोठा आकडा दिसला तर खुलासा मागावा.

फी ज्या चलनात मागितली आहे त्याच चलनात पाठवावी. जर्मनीतल्या युरो खात्यावर डॉलर धाडले की तिकडची बँक आपल्या दराने ते पुन्हा बदलते. खात्याचा तपशीलही देशागणिक वेगळा: जर्मनीचा आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) 22 अक्षरांचा, ब्रिटनचाही 22, अमेरिकेत आयबॅन नाही, तिथे बँक ओळखणारा नऊ अंकी राउटिंग नंबर लागतो, ऑस्ट्रेलियात बँक व शाखा ओळखणारा सहा अंकी बीएसबी. आयबॅनमधले दोन तपासणी अंक टंकनाची चूक पकडतात. अमेरिकी खाते क्रमांकाला तशी सार्वत्रिक सोय नाही, म्हणून तो दोघांनी ताडून पाहावा. पैसे परत आले तर त्या दिवशीच्या टीटी बाइंग दराने, म्हणजे बँक चलन विकत घेते त्या कमी दराने, रुपये मिळतात, म्हणजे जाता-येता दोन्हीकडून फटका. विद्यार्थ्याचा क्रमांक संदेशाच्या तपशिलात हवाच. तिथे 140 अक्षरेच मावतात, त्यामुळे क्रमांक आधी आणि नाव नंतर लिहावे. तो राहिला तर पैसे विद्यापीठात पोहोचूनही बेवारस पडून राहतात.

‘वरून अडकलंय’ हे शाखेचे उत्तर पुष्कळदा नावाच्या छाननीबद्दल असते. डॉलर न्यूयॉर्कमधून गेले की अमेरिकी निर्बंधांचा कायदा लागू होतो. सुदान, इराण व क्यूबाशी संबंधित व्यवहार केल्याबद्दल बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने 2014 मध्ये जवळपास 8.9 अब्ज डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. तेव्हापासून बँका नुसत्या नामसाधर्म्यावरही व्यवहार थांबवतात. अशा वेळी जन्मतारीख, पूर्ण पत्ता आणि पासपोर्टची प्रत विचारली जाते. हे कागद त्याच दिवशी द्यावेत, कारण उत्तर न मिळाल्यास पैसे परत येतात.

आपल्याकडचा कायदा फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन कायदा. निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत पाठवता येतात. पॅन आणि पैसे कशासाठी पाठवतो हे सांगणारा ए-2 अर्ज सक्तीचा. परदेशात राहून शिकणाऱ्याच्या फी व वसतिगृहाच्या खर्चासाठी उद्देश संकेतांक एस 0305. त्याऐवजी कुटुंबाच्या निर्वाहाचा एस 1301 टाकला तर टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवताना बँक गोळा करते त्या आयकराचा, हिशेब बिघडतो. बहुतेक नागरी सहकारी बँकांकडे परकीय चलनाचा पूर्ण परवाना नसतो. त्या दुसऱ्या बँकेमार्फत काम करून देतात, म्हणजे दरात आणखी एकाचा वाटा आणि चौकशीला आणखी एक टेबल.

पैसे गेल्यावर नुसता ‘यशस्वी’ हा एसएमएस पुरेसा मानू नये. स्विफ्ट संदेशाची प्रत आणि त्यावरचा यूईटीआर, म्हणजे व्यवहाराचा माग काढण्याचा 36 अक्षरी क्रमांक, मागून घ्यावा. त्यावरून पैसे कोणत्या बँकेत थांबले आणि कोणी किती कापले, हे बँकेला पडद्यावर पाहता येते. हा क्रमांक पावतीवर छापावा, त्याच्याशेजारी बाजाराचा दर आणि बँकेचा फरक वेगवेगळा दाखवावा, एवढे बँकांना अशक्य नाही. बँकेने 30 दिवसांत तक्रारीचे निवारण केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. मात्र बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्धची तक्रार तिथे घेतली जात नाही. तेव्हा दराची घासाघीस सही करण्याआधीच करावी.

आपला,
परकीय चलन विभागातील एक निवृत्त बँक अधिकारी, ठाणे